ती अकरा दिवसांची वही जपून ठेव

या वेळचं पत्र सोलापूरच्या विडी घरकुलातून आलं आहे. लांब आहे, थोडं कमी करून देते.

‘ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरी तेलुगू, शाळा मराठी, कॉलेजची पुस्तकं इंग्रजी. वडील यंत्रमागावर आहेत, आई विड्या वळते. गड्ड्याच्या जत्रेला आमच्या मंडळाचं पोस्टर करायला मी एक ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा मूळ कोड सगळ्यांना उघडा असतो असं, सॉफ्टवेअर वापरलं. त्यात एक बारीक चूक दिसली. सोर्स तर उघडाच आहे, आपणच दुरुस्त करू, असं म्हणून बिल्ड करायला, म्हणजे त्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करायला, बसले आणि त्यात अकरा दिवस गेले. आधी झेडलिब या लायब्ररीची, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडची, फाईल सापडत नाही म्हणे, झेडलिब तर मशीनवर होती. मग रीडमीत, म्हणजे सोबतच्या सूचनांच्या फाईलीत, होतं तसं ‘मेक -जे’ ही बिल्डची कमांड दिली, तर लॅबचं मशीन गोठलं आणि मध्येच काहीतरी ‘किल्ड’ झालं. शेवटी बिल्ड झालं. आनंदाने ‘सिद्धेश्वर’ टाईप केलं, तर द आणि ध सुटे, द चा पाय मोडलेला, आणि पहिली वेलांटी भलतीकडे. चार दिवस मी कोडमध्ये चूक शोधत होते. कोडमध्ये काही नव्हतंच. हार्फबझ नावाची लायब्ररी माझ्याकडे नव्हती. रीडमीत तिच्यापुढे ‘ऑप्शनल’ असं लिहिलेलं होतं.

मी मेंटेनरना, म्हणजे ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना, कळवलं की तुमच्या सूचना अपुऱ्या आहेत. एका ओळीत उत्तर आलं: माझ्याकडे चालतंय. मित्र म्हणतात, रीडमी सुधारणं हे काय काम आहे का, कॅम्पसला कोण विचारणार, कोड लिही. बिल्डच्या फाईलला हात लावायची मला भीती वाटते. मराठीतून लिहावं का, तेही कळत नाही. मी रोज काय केलं ते वहीत लिहून ठेवलंय, चुका लाल पेनाने. आता पुढं काय करू?’

मुली, ताई म्हणालीस म्हणून अगंतुगंच करते.

आधी वहीचं बोलू. ती वही तुझ्या कोडपेक्षा मोलाची आहे, आणि तिचं मोल फार दिवस टिकणार नाही. आज तुला लख्ख आठवतंय की कुठल्या ओळीपाशी आपण अडलो आणि तेव्हा काय वाटलं होतं. दोन महिन्यांनी तुझी बोटं त्या कमांड आपसूक देतील, आणि इथे कुणी अडू शकतं हेच तुला सुचणार नाही. त्या मेंटेनरचं नेमकं तेच झालं आहे. त्याला येत नाही असं नाही, त्याला इतकं येतं की नवख्याच्या जागी उभं राहणं त्याला जमत नाही. नवख्यांना बिल्ड शिकवणाऱ्या त्या सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानासाठी या घडीला तुझ्याइतकं योग्य माणूस दुसरं नाही.

हे मी माझ्या अनुभवावरून सांगते. नोकरीला लागले तेव्हा हातात एक कागद पडला होता: ‘नेहमीप्रमाणे कॉन्फिगर करून मेक करा.’ माझ्याजवळ ‘नेहमी’ असं काही नव्हतंच. मी सोलापुरातून नुकती बाहेर पडलेली. दोन दिवस कुणाला विचारलं नाही, तिसऱ्या दिवशी शेजारच्याने मिनिटभरात तोंडी सांगितलं. पुढे कित्येक वर्षं मीही नव्या मुलामुलींना ते तोंडीच सांगत आले. त्या कागदावर दोन ओळी घालायचं मला एकदाही सुचलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण ज्यांनी विचारलं नाही त्यांचं काय झालं ते मला ठाऊक नाही.

तुझ्या पत्रातल्या ‘ऑप्शनल’ या शब्दापाशी मी बराच वेळ थांबले.

‘सिद्धेश्वर’ हा शब्द फाईलमध्ये उच्चाराच्या क्रमाने साठवलेला असतो: स, पहिली वेलांटी, द, हलन्त, ध, मात्रा, आणि पुढे. पण कागदावर वेलांटी स च्या डावीकडे यायला हवी, आणि द व ध मिळून ‘द्ध’ हे एकच अक्षर दिसायला हवं. फॉन्टमध्ये ‘द्ध’ची आकृती असते, पण ती कधी उचलायची आणि वेलांटी कुठे सरकवायची हे काम शेपिंग करणारी लायब्ररी करते. हार्फबझ ती लायब्ररी. नावच फारसीतलं आहे. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर, उर्दू शाळेत शिकलेल्या तुझ्या मैत्रिणी लगेच ओळखतील. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सगळ्यांत आपली जोडाक्षरं तिच्याच जोरावर जुळतात.

आता रीडमी लिहिणाऱ्याच्या बाजूने बघ. त्याने कधीतरी हार्फबझ नसलेल्या मशीनवर ‘हॅलो’ इंग्रजीत टाईप केलं असेल. रोमन अक्षरं एकाशेजारी एक बसतात, सगळं ठीक दिसलं. त्याने प्रामाणिकपणे लिहिलं की ही लायब्ररी ऑप्शनल आहे. त्याच्या लिपीसाठी ते खरंच आहे. आपल्यासाठी तो शब्द चूक आहे, आणि ही चूक दिसायला देवनागरी वाचणारं माणूस लागतं. हे एकाच ठिकाणचं नाही. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चित्रांसाठी पिलो ही लायब्ररी वापरतात, त्यातही जोडाक्षरांसाठी रॅक्म नावाची लायब्ररी लागते. ती नसली तर पिलो मुकाट्याने साध्या मांडणीवर काम भागवतं आणि वेलांट्या घसरतात. प्रमाणपत्रांवर मुलांची नावं छापताना किती जणांनी यात डोकं फोडलं असेल. आणि त्यातल्या बहुतेकांनी शेवटी ‘मराठी फॉन्टच खराब आहे’ असं म्हणून नाद सोडला असणार.

म्हणून तुझा पहिला बदल एका ओळीचा असू दे. रीडमीत ‘ऑप्शनल’ खोडून लिही: देवनागरी, तमीळ, अरबी अशा लिप्यांसाठी हार्फबझ आवश्यक आहे, ती नसेल तर बिल्ड पूर्ण होतं पण अक्षरं तुटतात. त्या ओळीतला उत्तरार्ध सोडू नकोस. बिल्ड पूर्ण होतं, हाच तर खरा सापळा आहे.

मित्रांनी ‘हे काय काम आहे का’ म्हटलं, त्यावर मला राग आला. चार दिवस खपून तू अक्षरांची फाईलमधली साठवण (युनिकोड), फॉन्ट आणि शेपिंग यांतला फरक शिकलीस. मुलाखतीत दहा जणांनी ‘मी एक वेबसाईट केली’ म्हटल्यावर तू ‘सिद्धेश्वर’ का तुटला हे कागदावर काढून सांगितलंस, तर समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून ऐकेल. आणि पैशाचंच बोलायचं तर ओपन सोर्सचं डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्यांना मोबदला मिळावा म्हणून गूगलने २०१९ मध्ये ‘सीझन ऑफ डॉक्स’ हा वेगळा उपक्रम सुरू केला होता. ज्या कामाला मोल नाही त्यासाठी कुणी असं करत नाही.

तरी मित्रांच्या बोलण्यामागे एक खरी गोष्ट आहे, ती तुला माहीत हवी. २०२० च्या ऑक्टोबरात ‘हॅक्टोबरफेस्ट’ या ओपन सोर्सच्या उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट (माझा बदल तुमच्या प्रकल्पात घ्या, अशा विनंत्या) केल्या की टी-शर्ट मिळत होता. मग लोकांनी भराभर कुणाच्याही रीडमीत एखादा शब्द इकडचा तिकडे करून पाठवला. मेंटेनर इतके वैतागले की आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला, ज्या प्रकल्पाची संमती असेल त्याच प्रकल्पातलं काम धरायचं असं ठरलं. तेव्हापासून अनोळखी नावाने रीडमीचा बदल आला की पुष्कळ मेंटेनर आधी साशंक होतात. तुझ्या बदलाकडे कुणी त्या नजरेने पाहिलं तर मनाला लावून घेऊ नकोस. सोबत पुरावा दे, शंका जाते.

‘माझ्याकडे चालतंय’ हेही मी उद्धटपणात धरणार नाही. तो खरं तेच सांगतोय. त्याच्या मशीनवर गेल्या काही वर्षांत कधी ना कधी सगळ्या लायब्रऱ्या येऊन बसल्या आहेत. त्याला तुझं मशीन दिसत नाही. ‘सूचना अपुऱ्या आहेत’ या वाक्यावर तो तरी काय करणार? परत लिहिताना ‘रिस्पेक्टेड सर’ नको, दिलगिरी नको, साधं इंग्रजी चालेल. कुठली ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिची आवृत्ती, कुठली कमांड दिली, आणि पहिली एरर कोणती आली, एवढं जसंच्या तसं. पुढच्या वेळी बिल्डला बसशील तेव्हा टर्मिनलमध्ये आधी ‘स्क्रिप्ट’ ही कमांड दे, मग जे जे घडतं ते सगळं एका फाईलमध्ये उतरत जातं. वहीत लाल पेनाने तू हेच करत होतीस.

पहिली एरर म्हणाले, ते मुद्दाम. तुझ्या वडिलांना विचार. धोट्यातली कांडी संपली किंवा बाण्याचा धागा तुटला की माग तिथल्या तिथे थांबतो. नाही थांबला तर ताणा पुढे सरकत राहतो, कापडात रिकामी पट्टी पडते, आणि धागा नेमका कधी तुटला ते नंतर कळत नाही. बिल्डचंही असंच असतं. ‘मेक’ला एका वेळी बरीच कामं दिली की एक तुटलं तरी आधी सुरू झालेली बाकीची चालू राहतात, त्यांचं बोलणं खाली साचत जातं, आणि आपण सगळ्यात शेवटची ओळ वाचून तिच्याच मागे लागतो. मूळ कारण दोनशे ओळी वर असतं. पडद्यावर वर जा आणि ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा कुठे आला ते शोध. ही एक सवय पहिल्या पानावर लिहून ठेवलीस तरी कितीतरी रात्री वाचतील.

आता बिल्डच्या फाईलला हात लावायची भीती. यात माझं मत ठाम आहे: पान आधी लिही, आणि मग ते पान छोटं करायला बिल्डची फाईल उघड. नवख्याला जी जी गोष्ट लिहून सांगावी लागते, तिच्यातली निम्मी साधनानेच सांगायला हवी होती किंवा स्वतःच सांभाळायला हवी होती. तुझ्या तिन्ही अडचणी घे.

झेडलिब. उबुंटू-डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर लायब्ररीचे दोन भाग असतात. एक चालवण्यापुरता, तो तुझ्याकडे होताच. दुसरा बिल्ड करणाऱ्यांसाठी, त्यात हेडर फाईली असतात आणि पॅकेजच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ येतं, झेडलिबचं तर ‘झेडलिब१जी-डेव्ह’. फेडोरावर तेच ‘झेडलिब-डेव्हेल’ होतं. कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, फक्त ‘झेडलिब.एच’ ही हेडर फाईल नाही एवढंच ओरडतो, पॅकेजचं नाव त्याच्या तोंडी कधीच येत नाही. ते नाव पानावर दे. आणि जमलं तर बिल्डच्या फाईलमध्येच असं कर की हेडर सापडलं नाही तर कंपायलरपर्यंत पोहोचायच्या आधीच थांबून ‘अमुक पॅकेज टाका’ असा निरोप दिसेल.

‘मेक -जे’. पुढे आकडा दिला नाही तर मेक कामांच्या संख्येवर काही मर्यादाच ठेवत नाही, जेवढी सुरू करता येतील तेवढी करतं. मेंटेनरच्या मशीनमध्ये मेमरी भरपूर असेल. लॅबमधल्या ४ जीबीच्या मशीनवर सी++ च्या डझनभर फाईली एकदम कंपाईल व्हायला लागल्या की मेमरी संपते, आणि ऑपरेटिंग सिस्टीम कंपायलरलाच मारून टाकते. तुला दिसलेलं ‘किल्ड’ ते हेच. तुझ्या कोडचा त्यात काही दोष नव्हता. ‘-जे’च्या पुढे २ लिहायचा, झालं. हा एका अंकाचा बदल आहे आणि त्याने आपल्याकडच्या लॅबमधली अर्धी मुलं वाचतील.

तिसरी हार्फबझ. तुझ्या पत्रावरून प्रकल्प सीमेक हे बिल्डची तयारी करणारं साधन वापरतो असं दिसतं. सीमेकमध्ये ‘फाइंड पॅकेज’ असं म्हणून लायब्ररी शोधतात. नुसतं तेवढंच लिहिलं तर ती न मिळाल्यावर ‘कुड नॉट फाइंड’ अशी एक ओळ उमटते आणि गाडी पुढे जाते. पन्नास ओळींत ती एक ओळ कोण वाचतं? त्याच आज्ञेत ‘रिक्वायर्ड’ हा एक शब्द जोडला की लायब्ररी नसताना सीमेक तिथेच थांबतं. ज्याला खरंच हार्फबझ नको असेल त्याने तसं स्पष्ट सांगून बंद करावं, त्यासाठी एक पर्याय ठेवता येतो. माझ्या मते तुझ्या मागणीचा गाभा हाच असावा: मुकाट्याने पुढे जाऊ नकोस. मेंटेनर लगेच हो म्हणेलच असं नाही, काहींना आपला प्रकल्प कमीत कमी लायब्रऱ्यांवर चालायला हवा असतो आणि तेही रास्त आहे. मग निदान शेवटी ठळक इशारा तरी छापू दे: जोडाक्षरं जुळणार नाहीत.

हे आत्ताच का करायचं, त्याची एक गोष्ट सांगते. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये ‘मेक’ लिहिलं. त्यात आज्ञेच्या ओळीच्या सुरुवातीला टॅब लागतो, स्पेस दिल्या तर चालत नाही. हे अडचणीचं आहे हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं होतं. पण तोवर डझनभर सहकारी ते वापरू लागले होते, त्यांची बसलेली घडी मोडायला नको म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं. त्या डझनभरांचे पुढे लाखो झाले. आजही ‘मिसिंग सेपरेटर’ ही एरर बघून कुठल्या तरी हॉस्टेलवर एखादा मुलगा डोकं धरून बसलेला असतो, आणि टॅब व स्पेस डोळ्यांना सारखेच दिसतात. तुझा प्रकल्प अजून लहान आहे. बदल आत्ता स्वस्त आहे.

पान लिहून झालं की तपासायला दोन गोष्टी कर. एखाद्या ज्युनिअर मुलीला शेजारी बसव, पान तिच्या हाती दे आणि तू तोंड मिटून बस. हे अवघड जातं, जीभ सळसळते, पण बोललीस की ते पानाचं उत्तर राहत नाही, तुझं होतं. ती जिथे तुझ्याकडे मान वळवून बघेल तिथे खूण कर. दुसरं, पानावरच्या कमांड एका कोऱ्या कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतच उघडलेल्या वेगळ्या कोऱ्या जागेत, चालवून बघ, जिथे तुझ्या अकरा दिवसांतलं काहीही टाकलेलं नाही. त्याच कमांड प्रकल्पाच्या स्वयंचलित तपासणीत घालता आल्या तर फारच उत्तम. मग उद्या कुणी बिल्ड बदललं आणि पान जुनं झालं, तर माणसाच्या आधी यंत्राला कळेल.

लिहिताना ‘फक्त’, ‘सोपं आहे’, ‘नेहमीप्रमाणे’ हे शब्द टाळ. आणि पहिल्या पानावर सगळं कोंबू नकोस. शिकवणारं पान वेगळं, संदर्भाला उघडायचं पान वेगळं, हे डॅनिएले प्रोचिडा यांनी डॉक्युमेंटेशनच्या ‘डायटॅक्सिस’ या मांडणीत फार नीट सांगितलं आहे. पहिल्या पानाचा शेवट कुठे करायचा माहीत आहे? प्रोग्रॅम उघडला, शब्द टाईप केला, तो बरोबर दिसला, इथे. बाकीचे पर्याय पुढच्या पानावर.

मराठीत लिहू का? लिही, पण नेमकं आणि थोडकं. कमांड आणि एररचे शब्द इंग्रजीत जसेच्या तसे ठेव, कारण अडलेलं पोर तीच ओळ उचलून शोधायला जातं. त्यांच्यामधलं सांगणं मराठीत, तू लॅबमध्ये ज्युनिअरला सांगशील त्याच भाषेत. ‘संकलक’, ‘ग्रंथालय’ असले शब्द ओढूनताणून आणू नकोस, कंपायलर आणि लायब्ररी आता आपलेच आहेत. वर तारीख आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती टाक. जुनं झालेलं मराठी पान नसलेल्या पानापेक्षा जास्त त्रास देतं, म्हणून जेवढं तू सांभाळू शकशील तेवढंच लिही. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस मराठीत दिसतात त्यामागे स्वयंसेवकांनी केलेलं भाषांतर आहे, पण बटणावरचे शब्द मराठीत होऊनही बिल्ड कसं करायचं ते मराठीत सांगणारं पान क्वचितच भेटतं. एक तेलुगूतही करशील का? तुझ्या घराच्या आसपास ते वाचणारी घरं किती आहेत, तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

सगळं एकदम पाठवू नकोस. आधी ‘ऑप्शनल’ची ओळ आणि ‘-जे’च्या पुढचा २. ते स्वीकारलं गेलं की पॅकेजची नावं. मग ‘रिक्वायर्ड’चा प्रश्न आधी विचारून, चर्चा करून. उत्तराला दोन-तीन आठवडे लागले तर घाबरू नकोस, तोही दिवसभराची नोकरी करून रात्री हे बघत असेल.

आणि पहिल्या बदलासोबत ‘सिद्धेश्वर’ची दोन चित्रं शेजारी शेजारी लाव, हार्फबझशिवाय तुटलेलं आणि हार्फबझ टाकल्यावर जुळलेलं. त्या माणसाला देवनागरीचं एक अक्षरही वाचता येत नसेल, तरी वेलांटी कुठून कुठे गेली ते त्याला दिसेल.